टाकून दिलेल्यांचा भाव

गावसकर दिला की दोन श्रीकांत मिळत. कपिलला मात्र कपिलच लागे. त्याच्या बदल्यात वेस्ट इंडीजची अख्खी फलंदाजी पुढे केली तरी समोरचा मान हलवत नसे. शाळा सुटली की आमच्या वाड्याच्या ओट्यावर हा बाजार भरायचा. साल १९८७. विश्वचषक पहिल्यांदाच इंग्लंड सोडून भारत-पाकिस्तानात आलेला, आणि कोपऱ्यावरच्या वाण्याच्या बरणीत ‘बिग फन’ नावाचं बबलगम. ते चार चावात बेचव होई, पण चव हवी होती कुणाला? हवं असे सोबत निघणारं क्रिकेटपटूचं इवलंसं चित्र. त्यावर धावा नाहीतर विकेटी छापलेल्या असत. ठरावीक आकडा जमला की चित्रं परत द्यायची आणि बक्षीस घ्यायचं.

नंतर ट्रंप कार्डं आली. सामने, धावा, सर्वोच्च धावसंख्या, बळी, झेल. पत्त्यांसारखी वाटायची, वरचं कार्ड उचलायचं आणि एक रकाना पुकारायचा. गावसकर निघाला की ‘धावा’, हॅडली निघाला की ‘बळी’. त्यावरून भांडणं होत, कारण कार्ड छापून झाल्यावरही खेळाडू खेळतच होते. रेडिओवर काल एक आकडा सांगितलेला, कार्डावर भलताच. शेवटी वाड्याचा कायदा ठरला : छापलंय तेच खरं. ओट्यावरचा भाव मात्र छापील आकड्यांना जुमानत नसे. एखादा संघातून वगळला गेल्याची बातमी सकाळच्या पेपरात आली की संध्याकाळी त्याला गिऱ्हाईक नसे. शंभर ठोकून आला की पुन्हा तेजी. मोठेपणी ज्याला बाजार म्हणून ओळखलं, त्याची मुळाक्षरं आम्ही तिथेच गिरवली.

त्या चित्रांचं पुढे काय झालं? बरीचशी बक्षिसापायी परत गेली. काही पावसात चड्डीच्या खिशात लगदा झाली. उरलीसुरली दिवाळीच्या आवराआवरीत गेली. वस्तू दुर्मिळ का होतात यावर अर्थशास्त्रज्ञ काय म्हणायचं ते म्हणोत, माझ्या मते त्यात आयांच्या दिवाळीच्या साफसफाईचा वाटा सगळ्यात मोठा आहे. अमेरिकेत दिवाळी नसते, पण आया असतात. तिथल्या साठीच्या पुढच्या कुठल्याही गृहस्थाला बेसबॉलच्या कार्डांबद्दल विचारा, ‘माझ्याकडे खोकंभर होती, आईने फेकली’ हेच वाक्य निघतं. आणि सगळ्या आयांनी फेकली म्हणूनच एखादीने न फेकलेल्या कार्डाला आज भाव आहे.

तिकडची ही कार्डं आधी सिगारेटच्या पाकिटात येत. पाकीट चेपू नये म्हणून घातलेला पुठ्ठा. त्यावर पुढे खेळाडूंची चित्रं छापली जाऊ लागली. इंग्लंडात विल्स कंपनीने १८९६मध्ये क्रिकेटपटूंची मालिका काढली. अमेरिकेत १९०९ ते १९११च्या दरम्यान निघालेल्या मालिकेत पिट्सबर्गच्या होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं कार्ड होतं. त्याने आपलं चित्र वापरायला हरकत घेतली. तंबाखू पोरांच्या हाती जाऊ नये म्हणून म्हणतात, पैसे मिळाले नाहीत म्हणूनही म्हणतात. काही असो, छपाई थांबली. थोडी कार्डं तेवढ्यात बाहेर पडली होती. त्यातलं एक २०२२मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला विकलं गेलं. आपल्या चित्राला नाही म्हणणाऱ्या माणसाचंच चित्र इतकं मोलाचं ठरावं, याची मला अजून मौज वाटते.

पण मनात घर करून बसलंय ते दुसरं कार्ड. १९५१च्या शरदात ब्रुकलिनमधल्या एका घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर साय बर्गर नावाच्या तरुण नोकरदाराने सहकाऱ्याबरोबर बसून टॉप्स या च्युइंगगमच्या कंपनीसाठी पुढच्या मोसमाची कार्डं आखली. खेळाडूचं रंगीत चित्र, खाली सही, मागे आकडेवारी. १९५२मध्ये ती निघाली, चालली. पण शेवटची खेप बाजारात यायला उशीर झाला. बेसबॉलचा मोसम सरत आला होता, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे गेलं होतं. माल पडून राहिला. वर्षानुवर्षं गोदामात जागा अडवून बसला. बर्गरने तो निम्म्या किमतीत, मग मिळेल त्या किमतीत खपवून पाहिला; कुणी घेईना. अखेर १९६०मध्ये त्याने ती खोकी बार्जवर चढवली आणि न्यूयॉर्कजवळच्या समुद्रात लोटून दिली. त्या खेपेत मिकी मँटल या खेळाडूचं ३११ क्रमांकाचं कार्ड होतं. ऑगस्ट २०२२मध्ये तसंच एक कार्ड लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

आपल्याकडे पैसे पाण्यात गेले म्हणतात ते हे असं, अक्षरशः.

योगायोग बघा, रेकॉर्डच्या दुनियेतही अशीच एक कहाणी आहे आणि तिच्यातही पाणी आहे. विस्कॉन्सिन राज्यातली एक खुर्च्या बनवणारी कंपनी. ग्रामोफोनची लाकडी कपाटं खपावीत म्हणून तिने रेकॉर्ड काढायला घेतल्या. पॅरामाउंट हे त्यांचं नाव. स्वस्तात उरकलेलं ध्वनिमुद्रण, हलका माल, खरखर फार. पण दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय ब्लूज गायकांना त्यांनी गायला बसवलं, कारण ते स्वस्तात मिळत. तिशीच्या मंदीत कंपनी बुडाली आणि कामगारांनी उरलेल्या तबकड्या मिलवॉकी नदीत भिरकावल्या असं अजून सांगतात. शोधायला लोक नदीत उतरलेही. त्या कंपनीने काढलेली टॉमी जॉन्सन या गायकाची एक रेकॉर्ड २०१३मध्ये ३७,१०० डॉलरला गेली. तिच्या दोनच प्रती तेव्हा माहीत होत्या. निघाली तेव्हा ती कुणी घेतली नव्हती, हेच तिचं भांडवल.

ही गोष्ट नीट कळायला मला पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बऱ्याच चकरा माराव्या लागल्या. रविवारी आणि बुधवारी तो भरतो. पितळी कड्या, बंद पडलेली घड्याळं, एकेक पायाचे बूट, गंजके पाने आणि त्यात कुठेतरी गोणपाटावर आडव्या रचलेल्या तबकड्या. आडव्या पाहिल्या की माझ्या पोटात कालवतं, कारण वरच्यांच्या वजनाने खालच्या तडकतात. विकणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नसतं.

“काका, बालगंधर्व आहेत. आता कुठं मिळत नाहीत,” तो म्हणाला.

“बालगंधर्वांच्याच तर सगळ्यात जास्त मिळतात हो.”

तो हसला. “जाणकार दिसताय. मग तुम्हीच बोला काय ते. भवानीची वेळ आहे.”

मी घेतली, पण भाव त्याने पहिल्याच वाक्यात गमावला होता. ज्याच्या रेकॉर्डवर महाराष्ट्र लुब्ध होता, त्याच्या प्रती घरोघरी होत्या, म्हणून आजही निघतात आणि माफक दरात निघतात. महाग असतात त्या कुणा विसरलेल्या गवयाच्या, ज्याची एकच तबकडी निघाली, खपली नाही, आणि कंपनीने त्याला पुन्हा बोलावलं नाही. गाणं चांगलं होतं की नाही हा प्रश्नच नसतो. संग्राहकांचा बाजार अपयशाची उशिरा भरपाई करतो, तीही गाणाऱ्याला नव्हे.

आणलेली तबकडी मी खिडकीशी नेऊन तिरक्या उजेडात धरतो. ७८ फेऱ्यांची, दहा इंची, हातात घेतली की वाटते त्याहून जड. मधे गोल कागद, त्यावर कर्ण्यासमोर कान देऊन बसलेला कुत्रा. नीट पाहिलं की काळा रंग सगळीकडे सारखा नसतो. जिथे आवाज चढला आहे, तान झेपावली आहे, तिथले चर पांढुरके पडलेले असतात. पोलादी पिनेने तिथली भिंत खरवडलेली असते. पिन खरं तर दर बाजूला बदलायची, पण पैसे वाचवायला लोक तीच ती वापरत. तेव्हा तबकडी न वाजवताही कळतं की गवई कुठे चढला होता, आणि घरातली माणसं किती काटकसरी होती. भावाच्या हिशेबात हे पांढुरके पट्टे म्हणजे दोष. माझ्या हिशेबात तो त्या घराने ठेवलेला रोजनिशीचा कागद आहे.

ह्या तबकड्यांचा माल मूळचा आपलाच. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर लाखेचे किडे बसतात. त्यांच्या स्रावातून काढलेली लाख आणि दगडाची पूड यांच्या मिश्रणातून ती बने. १९०२मध्ये फ्रेड गाइसबर्ग नावाचा अमेरिकन तंत्रज्ञ कलकत्त्याला यंत्रं घेऊन उतरला आणि नोव्हेंबरात त्याने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपताना त्या आपलं नाव इंग्रजीत पुकारतात. मेणाच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथल्या कारागिरांना लेबलावर नाव काय घालायचं ते कळावं म्हणून ही तजवीज. इथली लाख तिकडे, इथलं गाणं तिकडे आणि तयार तबकडी बोटीने परत इकडे. १९०८मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाला तेव्हा कुठे ही यातायात थांबली.

तीन-साडेतीन मिनिटं, एवढीच जागा एका बाजूला. तासभर फुलणारा ख्याल त्यात कोंबायचा. काहींना ते जमलं, अब्दुल करीम खाँसाहेबांना तर असं जमलं की ती तीन मिनिटं पुरून उरतात. काहींनी पाठ फिरवली. भास्करबुवा बखले १९२२मध्ये गेले. त्यांची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. शिष्यांच्या आठवणींतून आणि त्यांनी दिलेल्या चालींतून त्यांचा अंदाज बांधायचा. संग्राहकांच्या मैफलीत हे नाव निघालं की सगळे क्षणभर जुन्या बाजारातल्या एखाद्या गोणपाटाकडे बघितल्यासारखे बघतात, जणू कुठेतरी एक असेलच.

केसरबाई केरकरांनाही हे प्रकरण फारसं रुचणारं नव्हतं. गोव्यातल्या केरीच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, आपलं गाणं कुठे आणि कुणापुढे व्हावं याबाबत अत्यंत करड्या. त्यांनी मोजकंच ध्वनिमुद्रित केलं. १९७७मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेने दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी पाठवायची ठरवली. जगभरचं संगीत निवडताना संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी केसरबाईंची भैरवी सुचवली. पंचाईत अशी की ती रेकॉर्ड बाजारातून गेलेली. निवड करणाऱ्यांपैकी अ‍ॅन ड्रुयन यांना ती अखेर सापडली न्यूयॉर्कमध्ये, एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात. न उघडलेल्या प्रती. कुणी घेतल्या नव्हत्या, दुकानदाराने टाकल्या नव्हत्या, एवढंच.

५ सप्टेंबरला व्हॉयेजर १ निघालं. १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईत वारल्या. २०१२मध्ये ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. तबकडीसोबत ती वाजवायची सुईही दिलेली आहे आणि ती कशी लावायची याची खूण आवरणावर कोरलेली आहे. नासाच्या शास्त्रज्ञांनी जे केलं, ते आपले संग्राहक हल्ली करत नाहीत.

कारण हल्ली वस्तू वाजवायची नसते. कार्डांचं तर विचारूच नका. १९९१मध्ये अमेरिकेत पीएसए नावाची कंपनी निघाली. तिच्याकडे कार्ड पाठवायचं. तिथले लोक कोपरे, कडा, छपाई मधोमध आहे की नाही हे तपासून १ ते १०मध्ये गुण देतात आणि कार्ड टणक पारदर्शक प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करतात. ९ आणि १० यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो, आणि तो फरक भिंग लावल्याशिवाय दिसत नाही. बंद झालेलं कार्ड वाटता येत नाही, ओट्यावर आपटता येत नाही, त्याच्या पाठचा आकडा पुकारता येत नाही. मला हा प्रकार आवडत नाही, हे सरळच सांगतो. फसवाफसवी टळते हे कबूल. पण खेळण्याशी पुन्हा कधी खेळता येऊ नये अशी तजवीज करून त्याचा भाव वाढवायचा, यात काहीतरी उलटं आहे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जुन्या कार्डांच्या किमतींच्या बातम्या पेपरात येऊ लागल्या आणि अमेरिकेत कुणीच कार्ड फेकेना. आयांनीही जपली. कंपन्यांनी भरमसाट छापली, लोकांनी खोकीच्या खोकी न उघडता ठेवली, मुलाच्या कॉलेजची सोय म्हणून. सगळ्यांनी जपलं, म्हणून कुणाच्याच वस्तूला भाव आला नाही. ती खोकी आज कवडीमोल आहेत. त्या काळाला तिथले लोक ‘जंक वॅक्स’ म्हणतात. करोनाच्या दोन वर्षांत पुन्हा तेच वारं आलं. घरी बसलेली माणसं, हाती आलेला पैसा, जुनी हौस. मे २०२१मध्ये टार्गेट या दुकानांच्या साखळीने कार्डांची दुकानातली विक्री थांबवली, कारण त्यांवरून गाड्यांच्या वाहनतळात मारामारी झाली होती. पुढे भाव बरेच खाली आले. मोठमोठी माणसं पुठ्ठ्यावरून हातघाईला येतात हे वाचून मला आमचा ओटा आठवला. तिथे निदान वय तेवढं होतं.

यात सगळ्यात जुगारी माल म्हणजे रुकी कार्ड, खेळाडूच्या पहिल्या मोसमाचं. त्याचं पुढे काय होईल यावर लावलेला पैसा. आपल्याकडे १९९३मध्ये असा बाजार असता तर? फेब्रुवारीत विनोद कांबळीने वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४ केल्या, मार्चमध्ये दिल्लीत झिंबाब्वेविरुद्ध २२७. वय २१. त्या महिन्यात मुंबईतल्या पोरांनी सचिन देऊन वर चॉकलेट घालून कांबळी घेतला असता. १७ कसोटी, सरासरी ५४.२०, आणि १९९५नंतर एकही कसोटी नाही. आजच्या बाजारात ते कार्ड काय भावाने जाईल ठाऊक नाही, पण मला विचाराल तर मी ते प्लास्टिकमध्ये न घालता ठेवीन. त्या दोन डावांच्या वेळी आम्ही रेडिओभोवती जे उभे होतो, त्याचा गुण पीएसएच्या दहांत बसत नाही.

रेकॉर्डची तेजीही आता जुनी गोष्ट राहिली नाही. नव्वदीत कॅसेट-सीडीने लाँगप्लेला घराबाहेर काढलं. रद्दीवाल्याने त्या किलोवर नेल्या. मुंबईत काळ्या घोड्याजवळचं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डचं दुकान २०१६मध्ये बंद झालं. आणि २०२२मध्ये अमेरिकेत विनाइलच्या प्रती सीडीपेक्षा जास्त खपल्या, १९८७नंतर पहिल्यांदाच. २०२४मध्ये नवी मुंबईत रेकॉर्ड दाबण्याचा कारखानाही सुरू झाला. जुन्या बाजारातले विक्रेते आता आधी मोबाईल काढून ऑनलाइन भाव बघतात आणि मग तोंड उघडतात, तेव्हा भवानीच्या वेळी मिळणारी सूट संपलीच म्हणायची. मजा ही की अमेरिकेतल्या ल्युमिनेट संस्थेच्या २०२३च्या पाहणीत विनाइल घेणाऱ्यांपैकी निम्म्यांकडेच ते वाजवायचं यंत्र निघालं. बाकीचे काय करतात? भिंतीवर लावतात, जपतात, भाव बघतात. दरवेळी वाजवली की सुई थोडी झीज करते, झीज झाली की भाव उतरतो. म्हणून गाणं मोबाईलवर ऐकायचं आणि रेकॉर्ड कपाटात. यात त्यांचं चुकतं असं व्यवहार म्हणणार नाही. मी मात्र वाजवतो. आमच्या घरातल्या तबकड्यांवर मी वर्षाला किती रुपये झिजवतो, याचा हिशेब मुलाने मला एकदा गमतीने मांडून दाखवला होता. आकडा फार नव्हता.

तेव्हा तुमच्या माळ्यावर आजोबांची पेटी असेल तर एवढं करा. तबकड्या आडव्या असतील तर उभ्या करा. रद्दीवाल्याला देण्याआधी लेबलं वाचा. बालगंधर्व आणि हिराबाई पुष्कळ निघतील, पण जे नाव तुम्ही कधी ऐकलं नाही तिथे थांबा. मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ आहे. अशी नावं ओळखणारी माणसं तिथे भेटतात, आणि ती आधी भाव विचारत नाहीत, काय गायलंय ते विचारतात. धूळ मऊ फडक्याने चरांच्या दिशेने पुसा, फार तर पाण्याचा हलका हात, लेबल वाचवून. स्पिरिट किंवा सॅनिटायझर मात्र ७८च्या तबकडीला चुकूनही लावू नका. ती लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते.